दार कोणी धरलं होतं?

"परत म्हण! परत म्हणून दाखव!"

तोफ ओट्याला पाठ लावून उभी होती, शंकासुर फ्रिजला. मधे खडू हात पसरून उभी होती आणि दोन्हीकडून धक्के खात होती.

"मी फक्त विचारलं," शंकासुर गाल चोळत म्हणाला. "आत्याचं आणि पैलवान काकांचं त्या दिवशी सकाळी भांडण झालं होतं, हे खरं ना? मग रागाच्या भरात आत्याने कडी लावलीही असेल..."

"माझी आई जिवंत माणसाला बर्फात कोंडेल?"

तोफेचा दुसरा बार उडणार तेवढ्यात खडूने तिचं मनगट पकडलं. तोफ हे नाव कसं पडलं ते आता सांगायला नको. तिचा मामेभाऊ देवालाही "कशावरून?" असं विचारील म्हणून शंकासुर, आणि त्याची मोठी बहीण उंच, पांढरी, काटकुळी म्हणून खडू. खरी नावं शाळेच्या हजेरीपुरती. ही दोघं सुट्टीत आत्याकडे आली होती ती मजा करायला. आत्या आइस्क्रीमच्या गोदामात कोल्ड रूम सांभाळायची, त्यामुळे मजेचे बेतही तसेच गारेगार होते. पण परवा दुपारी सगळ्यावर पाणी पडलं.

झालं असं, की ट्रकमधला माल कोल्ड रूममध्ये भरून झाला आणि पैलवान काका आत विसरलेले हातमोजे आणायला गेले. पैलवान काका म्हणजे गोदामातले हमाल, दोन खोकी एका हाताने उचलणारे. त्यांच्या मागे दार आपोआप लागलं आणि उघडेचना! त्यांनी आतून लाथा घातल्या, बुक्क्या मारल्या, आरडाओरडा केला. बऱ्याच वेळाने दार एकदम उघडलं आणि काका दातावर दात आपटत बाहेर पडले. बाहेर दाराशी उभी होती आत्या. तीही दार ओढून ओढून दमली होती, पण ते कोण ऐकून घेणार!

"बाईने सूड घेतला!" काका सगळ्या गोदामासमोर ओरडले. मॅनेजरने आत्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि फर्मान सोडलं, "शनिवारी मालकीणबाई येतील, त्याच काय तो निकाल लावतील. तोवर तोंड दाखवू नका."

तेव्हापासून शेजारणी आत्याला बघून खिडक्या लावून घ्यायच्या. घरातली भांडी विनाकारण आदळायची.

"काय चाललंय?" आत्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "बाहेर पंचायत बसलीय ती कमी पडली म्हणून घरात दुसरी मांडलीत? आणि भाचा न्यायाधीश! वा!"

शंकासुराची मान खाली गेली. "आत्या, मी..."

"काही बोलू नकोस. गालाला बर्फ लाव." ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

शंकासुराने फ्रीझर उघडला. बर्फाचा खडा शोधत बराच वेळ तो तिथेच घुटमळला, दार सताड उघडं टाकून. शेवटी एक खडा घेऊन त्याने दार लावलं. खडा लगेच हातातून निसटून ओट्याखाली गेला. दुसरा घ्यायला त्याने फ्रीझरचं दार ओढलं, तर ते हलेना.

"तोफे, दार सोड!"

"मी इथे आहे, डोळे फुटले का?" तोफ खरंच ओट्यापाशी होती.

शंकासुराने पुन्हा ओढलं. हूं की चूं नाही! तो चडफडत थांबला आणि जरा वेळाने सहज हात लावला, तर दार लोण्यासारखं उघडलं.

खडू एकदम ताठ झाली. "थांब! पुन्हा कर. बराच वेळ उघडं ठेव, मग लाव आणि लगेच ओढ."

त्यांनी तसं केलं. दार पुन्हा घट्ट! मग नुसतं उघडून पटकन लावून पाहिलं, तर दार सहज सुटलं. आठ-दहा वेळा हा खेळ झाल्यावर आतून आत्याचा आवाज आला, "फ्रिजचा जीव घ्या आता!"

"कडी नाही, कुलूप नाही," शंकासुर कुजबुजला. "मग दार धरतंय कोण?"

खडूने खेळण्यांच्या डब्यातून एक फुगा काढला, फुगवला, गाठ मारली आणि फ्रीझरमध्ये कोंबला. तोफेने तोंड वाकडं केलं. "आईची नोकरी चाललीय आणि ही वाढदिवस साजरा करतेय!"

पण थोड्या वेळाने फुगा बाहेर काढला तेव्हा तोफही जवळ सरकली. फुगा मऊ, बारका झाला होता. गाठ तशीच घट्ट होती, हवा कुठेही गेलेली नव्हती. खिडकीतल्या उन्हात ठेवल्यावर तो पुन्हा टम्म झाला!

"हवा गार झाली की तिचा जोर उतरतो," खडू भराभर बोलू लागली. "फुगा लवचीक, म्हणून बाहेरची हवा त्याला दाबून लहान करते. पण फ्रीझरच्या भिंती काही आत येत नाहीत. जागा तेवढीच राहते, मग आतला दाब कमी होतो. दार उघडं टाकलं की गरम हवा आत शिरते. दार लावलं की ती गार पडते, आणि बाहेरची हवा दाराला बाहेरून रेटून धरते!"

"कशावरून?" शंकासुर सवयीने म्हणाला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "पण मग नंतर उघडतं कसं?"

"फटीफटीतून थोडी थोडी हवा आत जाते. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की संपलं."

"पैलवान काकाही असेच एकदम सुटले!" तोफ ओरडली.

तिघं तडक गोदामाकडे निघाली. पैलवान काका फाटकापाशी चहा पीत बसले होते. तोफेला पाहताच त्यांनी पाठ फिरवली.

"काका, एकच सांगा," शंकासुर म्हणाला. "आतून दार उघडायची मूठ असते ना? ती दाबली होती?"

"दाबली म्हणजे? दाबलीच! खट्ट करून कडी सुटल्याचा आवाज आला. पण हिच्या आईने बाहेरून दार दाबून धरलं होतं!"

"तुम्हाला? माझ्या आईने?" तोफ उसळली. "तुम्ही अख्खा ट्रक रिकामा करता! माझ्या आईला लोणच्याची बरणी उघडत नाही!"

काकांचा कप तोंडाशीच थांबला. पण चूक कबूल करायची म्हणजे मोठ्या माणसांच्या घशात हाड अडकतं. "चालते व्हा," ते गुरगुरले.

तिघं निघाली, पण सरळ घरी जातील तर ती कसली! मागच्या बाजूने त्यांनी गोदामात डोकावलं. कोल्ड रूमच्या भल्यामोठ्या दाराच्या वर, भिंतीत वहीएवढी एक जाळी होती, आणि तिच्यावर चंदेरी चिकटपट्टीचे पट्टेच्या पट्टे मारलेले होते. तेवढ्यात वॉचमनने शंकासुराचा कान धरला.

"ते वर काय चिकटवलंय, काका? आई गं!"

"मॅनेजरसाहेबांचं डोकं! गेल्या आठवड्यात स्वतः शिडीवर चढून दोन्ही कोल्ड रूमवर चिकटवलं. भोकातून गारवा वाया जातो, वीज वाचवा, म्हणाले. आता पळा!"

समोरूनच मॅनेजर येत होता. कायम एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा असल्याने पोरांनी त्याला तेच नाव दिलं होतं. खडूने धीर करून सांगायला सुरुवात केली, "काका, ती जाळी बहुतेक हवा आत येण्यासाठी..."

"शाळेत किती मार्क पडतात?" एरंडेल खेकसला. "मला शिकवतेस? त्या बाईची पोरं ना तुम्ही? हाकला यांना!"

घरी आत्याचंही तेच. "हवेने दार धरलं? हे मी मालकीणबाईंना सांगू? आहे ती अब्रूही जाईल." पण शनिवारी निघताना तिने तिघांना चपला घालताना पाहिलं आणि नको म्हटलं नाही.

गोदामाबाहेर ऊन रणरणत होतं. ट्रक नुकताच रिकामा झाला होता आणि कोल्ड रूमचं दार अर्धा तास सताड उघडं होतं. मालकीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. कोणीही आत्याला बस म्हणालं नाही.

"कामावरचा राग माणसाच्या जिवावर काढायचा?" एरंडेल सुरू झाला. "बाई म्हणतात, दार अडकलं होतं. दार ठणठणीत आहे! मी स्वतः आत जाऊन दाखवतो."

"नका जाऊ!" तिन्ही पोरं एकदम ओरडली. "आत्ता नका!"

"गप्प बसा!"

तो ऐटीत आत गेला. दार धप्पकन लागलं. आतले पंखे घरघरू लागले. सगळे वाट पाहत राहिले. आतून खट्ट असा आवाज आला. मग धप्प. मग धपाधप!

"उघडा! कोण धरतंय? उघडा!"

आत्या दारापासून चांगली दहा हात लांब होती, आणि सगळे तिच्याकडेच बघत होते.

पैलवान काका धावले. त्यांनी मूठ धरली, पाय भिंतीला लावला आणि असं ओढलं की मूठच उखडून हातात आली!

"जोर लावून नाही उघडायचं!" खडू ओरडली. "आतला दाब शंभरात एक भाग कमी झाला ना, तरी एवढ्या दारावर दोनशे किलोचं वजन पडतं! ती जाळी मोकळी करा!"

"शिडी ट्रकवर गेलीय," वॉचमन म्हणाला.

तोफ काकांसमोर उभी राहिली. "मला उचला."

"तुला?"

"माझ्या आईला नावं ठेवताना आवाज मोठा होता ना? आता खांदा द्या!"

काकांनी निमूटपणे तिला खांद्यावर घेतलं. तिने नखं खुपसून पट्ट्या ओरबाडल्या. पहिली निघाली, दुसरी निघाली, आणि हवा शीळ घालत जाळीतून आत घुसली! हातातली पट्टी फडफडत जाळीकडे ओढली गेली. हळूहळू शीळ थांबली. शंकासुर पुढे झाला आणि दाराच्या कडेला बोटं घालून त्याने ते सहज उघडलं.

एरंडेल बाहेर आला. मिशीवर बर्फ होता आणि ऐट आत राहिली होती.

"आता सांगा, कोणी धरलं होतं दार?" आत्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

खडूने सगळं समजावून सांगितलं. मालकीणबाईंनी चिकटपट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"भोक बुजवण्याआधी ते कशासाठी आहे, हे कोणाला विचारलंत?"

"बाई, विजेचं बिल..."

"उद्यापासून किल्ल्या यांच्याकडे," त्या आत्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि दुसऱ्या खोलीवरच्या पट्ट्या तुम्ही आजच काढा." मग त्या पोरांकडे वळल्या. "शाबास! तुमच्याइतकं डोकं कोणी चालवलं असतं, तर हा तमाशाच झाला नसता."

पैलवान काका आत्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "ताई, चुकलं माझं."

"ऐकू आलं नाही," आत्या म्हणाली. "त्या दिवशी जिथे उभे राहून ओरडलात, तिथे उभे राहा. आणि तेवढ्याच आवाजात बोला."

काका दारापाशी गेले आणि सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईंची चूक नव्हती! मी खोटा आळ घेतला!" मॅनेजरही "चुकलं" असं पुटपुटला. आत्याने त्यालाही दुसऱ्यांदा बोलायला लावलं.

संध्याकाळी आत्याने तिघांना जवळ घेतलं. कितीतरी दिवसांनी तिचे डोळे भरून आले होते. "माझी नोकरी राखलीत रे पोरांनो," एवढंच ती म्हणाली, आणि आइस्क्रीम काढायला उठली.

"मला मोठी वाटी," शंकासुर म्हणाला.

तोफेने त्याला दंडाला धरून उठवलं, स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिजला पाठ लावून उभं केलं.

"इथेच म्हणाला होतास ना?"

शंकासुराने आत्याकडे पाहिलं. या वेळी त्याने "कशावरून?" विचारलं नाही. दोन्ही कान धरून तो मोठ्याने म्हणाला, "आत्या, माझं चुकलं!"