बहात्तरातले अकरा

भास्करराव दाणी दुसऱ्या समोशाकडे हात नेणार, तेवढ्यात कुमुद बक्षी जिना चढून आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सुनीती, पाच वाजेपर्यंत मले माझी अकरा पोरं परत पाहिजेत."

समोसा ताटलीतच राहिला.

रायपूरच्या शंकर नगरात चष्म्याच्या दुकानावर सुनीती दाणींचं तपासाचं ऑफिस होतं. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा खरंच इंजिनियर आहे, की नुसता इंजिनियरच्या खोलीत राहतो, अशी. वीज मंडळातून निवृत्त झालेले भास्करराव हे त्यांचे धाकटे दीर. ते वहिनींची स्कूटर चालवत आणि प्रत्येक प्रकरणात सगळ्यांच्या आधी गुन्हेगार ओळखत. आजवर एकदाही बरोबर ओळखला नव्हता, पण उत्साह तसूभर कमी झाला नव्हता.

"पळवली काय कोणी?" त्यांनी विचारलं.

"कागदावर पळवली, भास्करराव."

कुमुदताई पुरानी बस्तीतल्या लोकमंगल शाळेच्या प्राचार्य. तीन वर्षांपूर्वी नववीत आलेली बहात्तरची बहात्तर पोरं यंदा बारावी पास होऊन बाहेर पडतील, असं ध्येय त्यांनी जूनमध्ये भर सभेत मांडलं होतं. एरवी शंभरातली चाळीस मधेच गळत आणि गळलेल्यांना कोणी मोजत नसे. निकाल उरलेल्यांचाच लागे. कुमुदताईंनी दारोदार फिरून गळलेली पोरं परत आणली होती. वर शब्दही देऊन बसल्या होत्या, की शंभर टक्के झालं नाही तर खुर्ची सोडीन.

"नाताळच्या सुट्टीत ही पत्रं आली," त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "अकरा पालकांची, नाव काढा म्हणून. आज शाळा उघडली तर यादीतून नावं कापलेली. एका बापाले फोन लावला, तर तो म्हणतो, 'आपने ही तो चिट्ठी भेजी कि लड़की का नाम कट गया!' आमच्या शिक्क्याचं पत्र त्यांच्याकडे गेलं, अन् त्यांच्या नावाचं आमच्याकडे आलं."

"म्हणजे कोणीतरी मधे बसून दोन्ही बाजूंची खोटी पत्रं लिहिली," सुनीती म्हणाल्या. "मग नावं परत लिही ना."

"नीलकंठराव लिहू देत नाहीत. संस्थेचे सचिव. म्हणतात, पालकांच्या सह्या आहेत, ध्येय बुडालं म्हणून तुम्ही बहाणे करून राहिल्या. पत्र लिहिणारा समोर आणा, मग बोलू. परीक्षेची यादी आज पाचले बंद होते, सुनीती." कुमुदताई आता कुठे खुर्चीत बसल्या. "एकदा वर्ष गेलं की ही पोरं परत येत नाहीत गं. किती जणींच्या लग्नात मी अक्षता टाकून आली आहे."

सुनीतींनी वरचं पत्र उचललं. सगळ्यांचा मजकूर एकच होता. "छेरछेरा मनाकर हम पूस में ही सपरिवार गाँव लौट जाएँगे। अतः बच्चे का नाम काट दिया जाए।"

"यात काय खोटं आहे?" भास्करराव म्हणाले. "पौष पौर्णिमेले छेरछेरा, म्हणजे येत्या शनिवारी. पोट्टे दारोदार धान मागतील, सण होईल. पुढे पंधरा दिवस पौष आहेच. आरामात गावाले जातील."

"बरोबर बोलले भाऊजी," म्हणत सुनीतींनी पर्स उचलली. "चला."

भास्कररावांना फार बरं वाटलं.

शाळेच्या भिंतीवर फाटकाशी निळ्या रंगात हातभर उंच आकडा रंगवला होता: ७२. ऑफिसात बाबू इंद्रजीत साहू कॉम्प्युटरपुढे कपाळ धरून बसला होता. त्याच्या टेबलावर सहामाहीच्या गुणांचा तक्ता होता. सुनीतींनी पत्रांतली नावं तक्त्याशी ताडून पाहिली. अकराच्या अकरा नावं तळाशी होती.

"शिक्का कोणाकडे असतो?"

"मेरी दराज़ में, दीदी. और दराज़ का ताला पिछली होली से खराब है."

भास्कररावांनी वहिनींना कोपरानं ढोसलं. शिक्का याचा, टेबलाचा खण याचा, झालं की!

इंद्रजीतला ते दिसलं. तो उठून उभा राहिला. "भैया, बाहर बहत्तर मैंने अपने हाथ से लिखा है. नववीं के बहत्तर बच्चे. अपने हाथ का लिखा मैं मिटाऊँगा?"

शेजारच्या खोलीत सौमित्र लेले लॅपटॉपवर आलेख करत होता. ध्येय गाठायला शाळांना मदत करणाऱ्या एका संस्थेनं त्याला सप्टेंबरात पुण्याहून पाठवला होता.

"माझ्यासाठी हे भयंकर आहे," तो म्हणाला. "बहात्तर हा पायाच आहे ना सगळ्याचा. अकरा गेले की आम्ही थेट पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली. मी वरती काय सांगू? आणि पत्रात ते छेरछेरा लिहिलंय, ते नक्की कुठे आलं? बस्तरकडे का?"

"ते गाव नाही, सण आहे," सुनीती म्हणाल्या.

"ओह. सॉरी, मला वाटलं तिथे जाणार आहेत सगळे."

वऱ्हांड्यात एक मुलगी बापाला घेऊन उभी होती. गोदू निषाद. अकरातली पहिली. बाप सिलतऱ्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून तसाच आला होता, बाहीवर काळी पूड तशीच.

"गावाले जाणार होता तुम्ही?" सुनीतींनी हिंदीत विचारलं.

"कहाँ के गाँव, दीदी?" बापाआधी गोदूच बोलली. "शनिच्चर के छेरछेरा हे, इतवार ले माघ लग जाही. माघ म बड़े दीदी के बिहाव हे, इहें रायपुर म. हमन काबर जाबो?" आम्ही कशाला जाऊ, हे छत्तीसगढीत विचारून झाल्यावर डोळे पुसून ती हिंदीत म्हणाली, "मैडम, मैं फेल होती तो होती. बैठने तो देते."

भास्कररावांनी रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला. सुनीती मात्र क्षणभर गोदूकडे बघतच राहिल्या. मग तिच्या पाठीवर थाप देऊन म्हणाल्या, "पाच बजे तक यहीं रुकना."

नीलकंठराव मोघे संस्थेच्या खोलीत पान लावत होते. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. पुरानी बस्तीत त्यांचं घर भोसल्यांच्या काळापासून, आणि तोऱ्यातही तेवढीच वर्षं मुरलेली.

"मी सभेतच सांगितलं होतं," ते म्हणाले. "परीक्षेले बसतील तेवढ्यांचा टक्का धरा, जग तसंच धरते. नाही! यांना नववीचे बहात्तर पाहिजेत. पार दीड तास भांडलो मी. आता गेले ना अकरा? बहात्तर काही व्हायचे नाहीत."

"तुम्हाले आनंद झाला?"

"मले काहून आनंद होईल? मी फक्त बरोबर होतो."

बाहेर येताच भास्करराव कुजबुजले, "वहिनी, हाच. शंभर टक्के हाच."

"शंभर टक्के," सुनीती म्हणाल्या. "कशाचे, भाऊजी?"

भास्कररावांना काही कळलं नाही. तसं ते वहिनींच्या सोबतीत रोजच व्हायचं.

शेवटच्या पूर्णिमा काळे. बारावीच्या परीक्षाप्रमुख. कधीकाळी कुमुदताईंची विद्यार्थिनी, आता उजवा हात. त्यांनी चहा मागवला, बिस्किटं काढली, आणि त्यांचे डोळे सुजलेले होते.

"ताईंवर काय वेळ आली पाहा. जूनच्या सभेले मी इथे असती तर त्यांना अशी शपथ घेऊच दिली नसती. मी लेकीच्या बाळंतपणाले नागपूरले होती, ऑगस्टात आली. आली तर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, शंभर टक्के, शंभर टक्के."

"आता कसं होणार?"

"आता काळजी नाही." पूर्णिमाताई पहिल्यांदा थोड्या हसल्या. "उरलेले एकसष्ट मी ओळखते ना. एकसष्टचे एकसष्ट निघतात की नाही पाहा. ताईंची खुर्ची कुठे जात नाही."

सुनीतींनी खिडकीतून भिंतीकडे बोट दाखवलं. "तो आकडा मस्त रंगवला आहे."

"हव. शाळेले बहात्तरावं लागलं ना यंदा."

सुनीतींनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते विरघळून कपात पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

चार वाजून दहा मिनिटांनी सगळे प्राचार्यांच्या खोलीत जमले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा भास्कररावांना आज फारच घाईत वाटला.

"मी आधी एकच प्रश्न विचारला," सुनीती उभ्या राहून बोलू लागल्या. "पत्र लिहिणाऱ्याले काय पाहिजे होतं? कुमुदचं ध्येय बुडवायचं असतं, तर त्यानं हुशार पोरं कापली असती. तळाची अकरा आपसूकच बुडवणार होती, त्यांच्यासाठी शाई कोण वाया घालवेल? ज्यानं नेमकी तीच कापली, त्याले ध्येय बुडवायचं नव्हतं. गाठायचं होतं."

नीलकंठरावांचं पान तोंडाशीच थांबलं.

"आता पत्रात या. छेरछेरा मनाकर, पूस में ही. भाऊजी, तुम्हाले यात काही खटकलं नाही."

"नाही," भास्करराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"खटकणार नाहीच, कारण तुमच्या देवघरात नागपूरचं पंचांग आहे. आपला महिना अमावस्येले संपतो. पौर्णिमेनंतर आपला पौष पंधरा दिवस बाकी असतो. पण इथल्या माणसाचा महिना पौर्णिमेले संपतो. इंद्रजीत, छेरछेरा के दूसरे दिन कौन सा महीना?"

"माघ, दीदी. छेरछेरा माने पूस पुन्नी. उसी दिन पूस खतम."

"गोदूही मले तेच बोलली. छेरछेरा करून पूस में ही गावाले जाणं कोणत्याच छत्तीसगढी बापाले जमायचं नाही. असं वाक्य मराठी घरातच सुचू शकते. म्हणजे पत्रं पालकांची नाहीत, अन् इंद्रजीतचीही नाहीत."

"मग तो पुण्याचा!" भास्कररावांनी हात उंचावला. सौमित्र दचकला.

"त्याले छेरछेरा हे गाव वाटते, भाऊजी. लिहिणारं घर मराठी, पण इथल्या मातीत पिढ्या काढलेलं. सण इथला, पंचांग तिथलं. अशी माणसं या खोलीत दोन. कुमुदले धरून तीन."

कुमुदताईंनी आधी नीलकंठरावांकडे पाहिलं, मग पूर्णिमाताईंकडे.

"आता परत पहिल्या प्रश्नावर या. पोरं कापून ध्येय गाठता येईल असं कोणाले वाटेल? ज्याले नववीचे बहात्तर माहीतच नाहीत, त्याले. कुमुदनं तर बहात्तर ठरवलेच. नीलकंठराव त्यावर दीड तास भांडले. पोरं कमी झाली की ध्येय लांब जाते, हे दोघांनाही पक्कं ठाऊक. एकच माणूस सभेले नव्हता. परत आला तेव्हा त्याले नुसतं 'शंभर टक्के' ऐकू आलं. कशाचे, ते कोणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. भिंतीवरचे बहात्तर त्याले शाळेचं वय वाटलं. तो आपला हिशोब करून बसला, एकसष्टचे एकसष्ट."

पूर्णिमाताईंनी पदर तोंडाला लावला.

"मी त्यांना पुढच्या वर्षी बसवणारच होती," त्या रडत म्हणाल्या. "ताई, ती अकरा निघाली नसती गं. तुझी खुर्ची गेली असती."

कुमुदताई उठल्या. त्यांचा चेहरा पाहून भास्कररावांना वाटलं, आता या हात उगारतात.

"माझी एक खुर्ची वाचवायले तू अकरा बाकं रिकामी केली, पूर्णिमा? अन् तीही माझ्याच नावानं?"

घड्याळात साडेचार झाले होते.

नीलकंठरावांनी पान खाली ठेवलं, खाकरले आणि कडक आवाजात म्हणाले, "इंद्रजीत, यादी खोलो. नाम लिखो. पहला, गोदावरी निषाद."

इंद्रजीतची बोटं कीबोर्डवर धावली. सातव्या नावाला इंटरनेट गेलं. सौमित्रनं आपला मोबाइल जोडून दिला आणि पाच मिनिटं तो खिडकीशी उंच धरून उभा राहिला. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी यादी गेली, बहात्तर नावांची. वऱ्हांड्यात गोदूच्या बापानं ते ऐकलं आणि हा रात्रभर जागलेला माणूस खांबाला टेकून खाली बसला, हसत.

पूर्णिमाताईंचं प्रमुखपद त्याच संध्याकाळी गेलं. कुमुदताईंनी शिक्षा मात्र निराळीच दिली. परीक्षेपर्यंत रोज सकाळी सात वाजता त्याच अकरा पोरांना शिकवायचं.

"गणित मी घेतो," नीलकंठराव म्हणाले. "मले पाहूच द्या, हे पोट्टे कसे पास होत नाहीत."

भास्कररावांनी जाताजाता छातीठोक सांगून टाकलं, "गोदू पास होईल. लिहून घ्या." त्यांचा इतिहास माहीत असल्यानं सुनीतींनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

मे महिन्यात निकाल लागला. एकाहत्तर पास. गोदू गणितात चार गुणांनी राहिली.

कुमुदताईंनी राजीनामा लिहून नीलकंठरावांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि पानाच्या डब्याखाली सारला. "पूरक परीक्षा बाकी आहे. उत्तर पूर्ण सोडवल्याशिवाय मी आजवर कोणाचा पेपर उचलला नाही."

मग महिनाभर पुरानी बस्तीतल्या मोघ्यांच्या ओसरीवर रोज सकाळी त्रिकोणमिती चालली. नीलकंठरावांचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू येई. हळूहळू गोदूचाही येऊ लागला.

पूरकचा निकाल आला त्या दिवशी दाणी मंडळी स्कूटरवरून शाळेत पोचली, तेव्हा फाटकाशी ही गर्दी होती. भिंतीवर बहात्तरच्या खाली इंद्रजीतनं मे महिन्यात रंगवलेले एकाहत्तर होते. शिडीवर गोदू चढली होती, हातात ब्रश. शिडी पूर्णिमाताईंनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. गोदूनं एकाहत्तरातला एक पुसला आणि त्या जागी दोन काढला. थोडा वाकडाच आला, पण दोन होता.

नीलकंठरावांनी डब्याखालचा कागद काढून सर्वांदेखत टरकावला. कुमुदताई भिंतीला हात लावून मोठ्यानं रडल्या. ढोल कुठून आला ते कोणालाच कळलं नाही.

"वहिनी," भास्करराव ओरडले, "मी म्हणालो होतो! गोदू पास होईल! मी बरोबर ओळखलं!"

"हो भाऊजी," सुनीती म्हणाल्या. "शंभर टक्के."

यावेळी कशाचे, ते भास्कररावांना बरोबर कळलं. त्यांनी कोपऱ्यावरून बहात्तर समोसे आणवले, आणि वाटून झाल्यावर स्वतःसाठी एकही उरला नाही.