तळघरातल्या अकरा जोड्या

एप्रिलातलं धुकं नदीवरून वर आलं की गाव दुपारपर्यंत अर्धवट झोपेतच चालतं. फिर्मिनला असले दिवस फार आवडत. कबुतरं उडवता येत नाहीत, बागेत जाववत नाही, आणि आळसाला कुणी नावं ठेवत नाही. अशा दिवशी तो गोदेलीव वहिनींच्या पुढच्या खोलीत येऊन बसे, त्यांच्या हातची टार्ट खाई आणि खिडकीबाहेरच्या धुक्यात विरघळलेल्या विलोच्या झाडांकडे बघत राही.

फिर्मिनचा थोरला भाऊ जाऊन सात वर्षं झाली होती. त्याच्या मागे वहिनींनी विमा कंपनीतली दावे तपासायची नोकरी सोडली आणि दारावर 'खासगी तपास' अशी पितळी पाटी लावली. गाव आधी हसलं, मग एकेक करून दारात येऊ लागलं.

त्या गुरुवारी वान्नेस आला. सायकलच्या बुटांची टकटक आधी ऐकू आली, मग तो दिसला. वय चौतीस, गालांची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली जागरणाचे काळे डाग. दगडी रस्त्यांवरच्या सायकल शर्यतींत बारा वर्षं काढलेला हा माणूस गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

"चोरी झालीय," तो बसायच्या आधीच म्हणाला. "सासऱ्यांच्या तळघरातून टायर गेले. अकराच्या अकरा जोड्या."

"ओमेरचे टायर?" फिर्मिनच्या हातातली टार्ट तोंडापाशीच थांबली.

ओमेरचे टायर म्हणजे गावाचं दैवतच. चाळीस वर्षं त्याने संघांच्या सायकली दुरुस्त केल्या होत्या. आत ट्यूब शिवलेले, रिमला गोंदाने चिकटवायचे ते जुन्या पद्धतीचे टायर तो तळघरात अंधारात वर्षानुवर्षं टांगून ठेवी. रबर मुरलं की दगडावर फाटत नाही, असं तो सांगे. नव्या पोरांच्या रुंद, बिनट्यूबच्या टायरांना तो 'फुगे' म्हणे.

"रविवारी मोठी शर्यत आहे," वान्नेस म्हणाला. "पहिल्या दहात आलो तर संघ माझा करार एक वर्ष वाढवणार. नाही आलो तर माझी सायकल खुंटीला. चाकं कुठली घ्यायची ते मॅनेजरने माझ्यावर सोडलंय. मी आयुष्यात एकदाच तिसरा आलोय, आणि तो त्यांच्याच टायरांवर. यंदाची जोडी बारा वर्षं मुरलेली होती."

"कुणावर संशय?"

"सेप्पेवर. आमच्याच संघातलं पोरगं, एकवीस वर्षांचं. मी गेलो की दगडी शर्यतींत संघाचा म्होरक्या तोच. सोमवारी संध्याकाळी शेजारणीने त्याला सासऱ्यांच्या घरातून निघताना पाहिलं. मंगळवारी सकाळी तळघर रिकामं. उद्या मॅनेजरकडे तक्रार करणार आहे मी."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," वहिनी म्हणाल्या. "पोराच्या कपाळावर शिक्का एकदा बसला की तो पुसता येत नाही."

ओमेरचं घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. धुक्यातून चर्चची घंटा अशी ऐकू येत होती, जणू कुणी दूर स्वप्नात वाजवतंय. दारात ओमेर उभा होता. उंच, वाकलेला, खोकत. फिर्मिनला बघून त्याच्या मिशा हलल्या.

"आला का कबुतरवाला? बारा वर्षांपूर्वी एकाच दिवशी दोन जोड्या टांगल्या होत्या मी. एक जावयासाठी ठेवली. दुसरी याला साठीला दिली, नऊ वर्षं झाली. कबुतरांना खाऊ घातली असेल याने."

"खुराड्यात टांगलीय," फिर्मिन जरा दुखावून म्हणाला. "अंधाऱ्या कोपऱ्यात. तूच म्हणालास, उजेड लागू देऊ नकोस."

ओमेर नुसता दारातून बाजूला सरला. एरवी तो शेवटचा शब्द दुसऱ्याला देत नसे.

त्याची मुलगी फीन, वान्नेसची बायको, त्यांना तळघरात घेऊन गेली. दाराची किल्ली स्वयंपाकघरात चुलीमागच्या खिळ्यावर. कुलूप शाबूत. खाली उतरताच फिर्मिनने खोल श्वास घेतला. तळघराचा कुबट वास कुठेच नव्हता. वीज पडून गेल्यावर कुरणात येतो तसा ताजा, बोचरा वास होता. क्षणभर तो आठ वर्षांचा झाला. आई वाळत घातलेल्या चादरी गोळा करत पळतेय, आणि आभाळ जांभळं झालंय.

"काय छान हवा आहे गं इथे," तो म्हणाला.

"ते यंत्र आहे ना." फीनने फळीवरच्या गुणगुणणाऱ्या पांढऱ्या डब्याकडे बोट दाखवलं. "मागच्या सप्टेंबरात आणलं. बुरशीच्या वासाने बाबांचा खोकला वाढतो असं मला वाटलं. डब्यावर लिहिलंय, डोंगरावरची हवा."

भिंतीवर अकरा खुंट्या होत्या. प्रत्येकीवर ओमेरच्या अक्षरातलं तारखेचं कार्ड, सरळ, नीट लावलेलं. टायर मात्र एकही नाही. वहिनी त्या कार्डांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. फिर्मिन फळीवरच्या बरण्या बघत होता.

"नाशपाती आहेत वाटतं?"

"नका विचारू, काका. यंदा सगळ्या नासल्या. आईच्याच पद्धतीने केल्या होत्या, तरी झाकणं सैल पडली."

वहिनींनी एका बरणीच्या झाकणाखालची रबरी रिंग काढून पिशवीत टाकली. फिर्मिनला वाटलं, वयोमानाने वहिनींना काहीही गोळा करायची सवय लागतेय. तो आपला बेण्याच्या बटाट्यांचे खोके मोजत राहिला. तीनही खोके काठोकाठ भरलेले, पांढरे कोंब हातभर आलेले.

"फीन," वहिनींनी वर येता येता विचारलं, "टायर गेल्याचं तुला दुःख झालं?"

फीन पायरीवर थांबली. "खरं सांगू? नाही झालं. तीनदा खांद्याचं हाड मोडलंय त्याचं. रविवार आला की मी रेडिओ बंद करून भांडी घासत बसते. पण मी चोरले नाहीत. चोरायचं असतं तर दहा वर्षांपूर्वीच चोरले असते."

मागच्या अंगणात एक वाफा ताजा खणलेला होता. काळी माती धुक्यात वाफाळत होती.

"बागकाम सुरू झालं वाटतं?" फिर्मिनने विचारलं.

"बटाटे लावले सोमवारी," ओमेर म्हणाला आणि खोकत आत गेला.

सेप्पे भेटला तो संघाच्या हॉटेलमागे, सायकल धुताना. लाल कानांचं, लांब हातांचं पोरगं. चोरीचं नाव काढताच त्याने स्पंज बादलीत टाकला.

"मला कशाला हवेत ते? मी एकवीसचा आहे, बाई. वान्नेसदादा आणखी एक वर्ष राहिला तर माझं काय बिघडतं? त्याच्या चाकामागे राहून शिकायलाच मिळेल."

"मग सोमवारी ओमेरकडे कशाला गेला होतास?"

"ओमेर आजोबांनीच फोन करून बोलावलं. ओल्या दगडांवर या नव्या टायरांत किती हवा भरतोस, पुढे किती, मागे किती, सगळं विचारलं. मी कागदावर लिहून दिलं. तळघरात उतरलोसुद्धा नाही."

"ओमेरने विचारलं? फुग्यांबद्दल?" फिर्मिनला हसू आलं. "पोरा, थाप मारायची तर जरा पचेल अशी मार."

"मलाही नवल वाटलं," सेप्पे म्हणाला. "त्यांचा चेहरा असा होता, की मग मी थट्टा केली नाही."

परतताना फिर्मिन म्हणाला, "पोरगा धडधडीत खोटं बोलतोय, वहिनी."

"भावजी, उद्या दुपारी ओमेरकडे येताना तुमच्या खुराड्यातली जोडी घेऊन या."

"ती कशाला?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणून."

शुक्रवारी दुपारी ओमेरच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. वान्नेस आणि सेप्पे टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे न बघता. फीन कॉफी ओतत होती. फिर्मिनच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेली टायरची जोडी होती आणि कबुतराची दोन पिसं त्याच्या कोटाला चिकटली होती.

"चोर विचित्र आहे," वहिनींनी सुरुवात केली. "वान्नेसचा घात करायचा तर एक जोडी पुरे होती. विकायचे तर कार्डं सोबत न्यायला हवीत, तारखेशिवाय त्या टायरांना किंमत नाही. याने अकराच्या अकरा जोड्या नेल्या आणि कार्डं पुन्हा सरळ लावून ठेवली. इतक्या मायेने कोण लावेल? ज्याने ती लिहिली, तोच."

वान्नेसने मान वर केली. ओमेर कपात बघत राहिला.

"सेप्पे खरं बोलला. नव्या टायरांत हवा किती, हे ओमेरने सोमवारी विचारलं. चोरी उघडकीला आली मंगळवारी. जुने टायर जाणार आहेत हे सोमवारीच ज्याला माहीत होतं, त्यालाच नव्यांची चौकशी करायची गरज पडली. आणि सोमवारीच ओमेरने बटाटे लावले म्हणे. भावजी, बेण्याचे खोके किती भरलेले होते?"

"तीनही काठोकाठ," फिर्मिन म्हणाला, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "मग वाफ्यात काय पुरलंय?"

ओमेरने कप बशीवर ठेवला.

"सोमवारी वान्नेसची जोडी चढवायला म्हणून तळघरात उतरलो," तो अखेर म्हणाला. "अंगठा फिरवला तर भेगा. बोटाएवढ्या भेगा. दुसरी बघितली, तिसरी, सगळ्याच. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, वेळ द्या, मुरू द्या. पोरांनी जीव पणाला लावला त्या टायरांवर. मला वाटलं, माझी सगळी विद्या थोतांड. जावयाला हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून पुरले. चोरी झाली म्हणालो."

"आणि मी या पोराला चोर ठरवत होतो, बाबा," वान्नेस हळू म्हणाला.

"ते माझ्या लक्षातच आलं नाही रे. लाज माणसाला आंधळं करते."

वहिनींनी पिशवीतून बरणीची रिंग काढली आणि दोन बोटांनी ताणली. ती कट्कन तुटली. तुटलेल्या कडेवर बारीक भेगांची जाळी होती.

"ही गेल्या ऑगस्टातली, फक्त आठ महिन्यांची. हिला तर ओमेरने मुरवलं नव्हतं. विमा कंपनीत असताना एका गोदामातल्या सगळ्या रबरी पट्ट्यांचं असंच झालेलं मी पाहिलंय. तिथेही असलंच वास घालवणारं यंत्र होतं. त्यातून ओझोन निघतो, वीज पडल्यावर वास येतो तो वायू, तोच वास जो भावजींना आवडला. बुरशीचं माहीत नाही, पण रबराला तो खातो. भावजी, पोतं सोडा."

फिर्मिनने जोडी टेबलावर ठेवली. त्याच दिवशी टांगलेली, त्याच हाताने दिलेली, फक्त नऊ वर्षं दुसऱ्या अंधारात राहिलेली. ओमेरने चष्मा काढला. अंगठा कडेवरून हळूहळू फिरवत पूर्ण फेरी मारली, मग उलट्या दिशेने पुन्हा. रबर मऊ, अखंड होतं. त्याच्या मिशा थरथरल्या.

"खोटा नव्हतो मी," तो म्हणाला.

फीन तोंडावर हात धरून उभी होती. "मी आणलं ते यंत्र. बाबा, तुमच्या खोकल्यासाठी."

"माहीत आहे गं. ये इकडे." त्याने तिचा हात धरला. "खोकला मात्र आहे तिथेच आहे."

आधी सेप्पे हसला, मग वान्नेस. वान्नेस उठून टेबलाच्या त्या टोकाला गेला आणि पोराच्या मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. सेप्पेचे कान आणखी लाल झाले.

"हीच जोडी चढवा, बाबा," वान्नेस म्हणाला.

ओमेरने टायर पोत्यात घालून फिर्मिनच्या मांडीवर परत ठेवले. "नको. मला कळायचं होतं ते कळलं. तू रुंद टायर घे. सोमवारी या पोराचे आकडे वाचले तेव्हाच पटलं होतं, फक्त पटवून घ्यायचं नव्हतं. पण हवा मी भरणार. आणि अंगठ्याने बघणार."

रविवारी धुकं दुपारी फाटलं. दगडी चढाच्या कडेला गर्दीत फिर्मिन, वहिनी, ओमेर आणि फीन उभे होते. फीन पहिल्यांदाच आली होती. ओमेरने डोळे मिटले होते; म्हातारपणी त्याला घोळक्यातली माणसं ओळखू येत नसत. खालून आधी शर्यत टिपणाऱ्या हेलिकॉप्टरची घरघर, मग शिट्ट्या, मग दगडांवरचा तो घुमारा आला, पाऊस जवळ येतो तसा. रंगांचा एक झोत समोरून गेला. मधेच सेप्पे, आणि त्याच्या चाकाला चिकटून वान्नेस.

"दिसला, बाबा?" फीनने त्याचा दंड घट्ट धरून विचारलं.

"ऐकला." ओमेरने डोळे उघडले. "हवा बरोबर आहे."

वान्नेस नववा आला. बातमी रेडिओवरून आली तेव्हा फीन रस्त्याच्या कडेला बसून रडली, आणि सुखाने रडतेय की आणखी एका वर्षाच्या काळजीने, ते तिचं तिलाच सांगता येईना. ओमेर तिच्याशेजारी बसून राहिला. संध्याकाळी त्याने तळघरातलं यंत्र बंद केलं, खिडकी उघडली, आणि दोन कोरे, शिवलेले टायर पहिल्या खुंटीला टांगून कार्डावर त्या दिवसाची तारीख घातली.