सहा नंबरचा कॉम्प्युटर

जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या प्रकाशभैयाच्या सायबर कॅफेत दहा कॉम्प्युटर होते, आणि त्यातला सहा नंबरचा इतका मंद, की शाळेतली पोरंसुद्धा त्याच्याकडे पाठ फिरवायची. सावनीला मात्र नेमका तोच हवा असायचा. मार्चच्या पहिल्या रविवारी ती आली आणि बघते तर काय, सहा नंबरवर कुणीतरी बसलेलं. शेजारी चार कॉम्प्युटर रिकामे, आणि हा उंच, चष्मेवाला तरुण तिच्याच खुर्चीत.

त्याच्यासमोर पडद्यावर एक फोटो वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरत होता.

"ये की आता... किती वाट बघायला लावशील," तो चक्क मराठीत पुटपुटला.

सावनीला हसू आवरेना. "पाच मिनिटं तरी लागतील अजून."

तो दचकून वळला. कान लाल झाले होते. "तुम्ही मराठी?"

"बाबा रेल्वेत आहेत. आम्ही मूळचे भुसावळचे. आणि तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात."

"ह्या डबड्यासाठी भांडताय?" तो हसला. हसताना त्याचे डोळे चष्म्यामागे अगदी बारीक व्हायचे, हे तिनं उगाचच टिपून ठेवलं.

त्याचं नाव श्रेयस. कोल्हापूरचा, आणि सीतापुऱ्यात वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. सहा नंबरवर का बसला, तेही त्यानं सांगून टाकलं.

"एक मराठी वेबसाइट आहे. वेबसाइट कशी बनवायची त्याच्या टिपा असतात त्यात. तिथं लिहिलंय, आपलं पान सगळ्यात मंद कॉम्प्युटरवर उघडून बघा. मी अभिप्राय टाकला, हे जुन्या काळचं झालं म्हणून. तर व्यवस्थापकांचं उत्तर... 'एकदा बघा, मग बोला.' रिटायर झालेले मास्तर असणार. खडूस, पण माणूस पक्का."

सावनीनं ओढणी तोंडाशी नेली. ते खडूस मास्तर म्हणजे ती स्वतःच होती. भुसावळच्या मामेबहिणीला, मंजुषाला, इंग्रजी पुस्तकं जड जात, म्हणून सावनीनं तिला शिकवायला मराठीत टिपा लिहायला घेतल्या होत्या. बघता बघता त्याची वेबसाइट झाली. नाव मात्र तिनं कुठेच दिलं नव्हतं.

"मग? बघितलंत?"

"बघितलं. मास्तर बरोबर आहेत."

इतकी गोड कबुली कुणी दिली, तर लगेच खरं सांगून ती कशाला वाया घालवायची? 

पुढे तो संध्याकाळीही येऊ लागला. प्रकाशभैया न सांगता दुसरी खुर्ची आणून ठेवायचा. पान उतरेपर्यंत बोलायला वेळच वेळ असायचा, आणि सहा नंबरनं त्या बाबतीत कधी घाई केली नाही.

पण दिवस मोजके होते. बाबांची भुसावळला बदली झाली होती आणि एकतीस मार्चला घरचं सामान ट्रकमध्ये चढणार होतं. सावनीला जयपुरातच राहायचं होतं. बाबांनी एकच अट घातली होती, "त्याच्या आत पक्की नोकरी दाखव, मग सुलोचनामावशीकडे राहा." बी.ए. झालेल्या मुलीला वेबसाइटचं काम कोण देणार? तिनं अर्ज केले ते थेट कंपन्यांना. बोलावणं आलं एकाच कंपनीचं, आणि ती नेमकी श्रेयसची निघाली.

"मी सरांकडे शब्द टाकतो," तो म्हणाला.

"मुळीच नाही. मतलब... मी लागेन तर माझ्या पानांवर. तुम्ही तिथे मला ओळखतसुद्धा नाही. वचन द्या."

त्यानं दिलं.

जयपूरजवळच्या चौमूंच्या एका रजईवाल्यासाठी तिनं वेबसाइट केली होती. तीच मुलाखतीत दाखवायची होती. बुधवारी तिनं घरूनच त्यात नव्या रजयांचे आठ फोटो घातले. गुरुवारी सहा नंबरवर तपासलं की झालं. पण गुरुवारी दुपारी टिपांच्या वेबसाइटवर मेल आला.

'आदरणीय सर, आज वेबसाइटबद्दल नाही. कॅफेत एक मुलगी भेटते. ती महिनाअखेरीस भुसावळला जाईल बहुतेक. ती गेली तर मला इथं करमायचं नाही. हे तिला कसं सांगावं? तुमचा सल्ला नेहमी बरोबर असतो. – श्रेयस'

त्या संध्याकाळी सावनी कॅफेत गेली खरी, पण पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं. तो काहीतरी सांगत होता आणि ती त्याच्या बारीक होणाऱ्या डोळ्यांकडे बघत होती. पान तपासायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी मुलाखतीत कंपनीच्या रणजीतसरांनी वेबसाइट उघडली. रजया गायब... आठही जागी लाल फुल्या.

 कोपऱ्यातल्या टेबलाशी श्रेयस बसला होता. त्यानं ओठ उघडले आणि वचन आठवून मिटले.

"फोटो कहाँ हैं?" सरांनी विचारलं.

"घर पर, सर." ती मान ताठ ठेवून हिंदीत सांगू लागली. फोटोला पत्ता दिला तो तिच्या घरच्या कॉम्प्युटरचा. त्यामुळे घरी सगळं छान दिसतं, बाहेर कुणालाच नाही. "ही चूक करू नका असं मीच लोकांना सांगते, आणि मीच केली. हे बघा." तिनं टिपांची वेबसाइट उघडून सातवी टीप दाखवली. कोपऱ्यात श्रेयसच्या हातातलं पेन खाली पडलं.

"पाच मिनिटं द्या," म्हणत तिनं पर्समधून एक फ्लॉपी काढली.

"ये क्या है?"

"पूरी वेबसाइट, सर. आठों फोटो के साथ."

"पूरी? इसमें?"

फोटो फ्लॉपीत मावतील इतके हलके केल्याशिवाय चौमूंच्या रजया सहा नंबरवर दिसल्याच नसत्या. तिनं फ्लॉपीवरचे फोटो वेबसाइटवर चढवले, त्यांचे पत्ते दुरुस्त केले; पाच मिनिटांचीही गरज पडली नाही. आठ रजया एकामागून एक झरझर उतरल्या. सर खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकांची रोजची तक्रार होती, की पानं उघडतच नाहीत. "सोमवार से आ जाइए," ते म्हणाले.

बसस्टॉपवर धूळ उडत होती. श्रेयस धावतच आला.

"म्हणजे मास्तर..."

"मीच."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" तो थबकला. "आणि कालचा मेल..."

"अकरा वेळा वाचला. त्याच्यापायी पान तपासायचं राहिलं. नोकरी हातची जाणार होती."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"आधी नोकरी हवी होती. उत्तर कालच तयार होतं, पण मी तुमच्यासाठी थांबले असं कुणी म्हणायला नको होतं. मला स्वतःलाही नाही."

"आणि आता?"

सावनीनं वाऱ्यानं उडणारी ओढणी घट्ट धरली.  "आता मी जयपुरात माझ्या कामासाठी राहतेय. आणि तुम्ही मला आवडता. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही पक्क्या आहेत."

बस आली. ती चढली. कंपनी सुटायला अजून दोन तास होते, तरी मागच्या पायरीवर पाय वाजले.

"एक?" कंडक्टरनं विचारलं.

सावनीनं मागे वळूनही पाहिलं नाही. "दो," ती म्हणाली.