खड्ड्यातली हजेरी

“हजर!”

चिमट्याचा आवाज आला आणि नकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिच्या या धाकट्या भावाचं अंथरूण रिकामं होतं, आणि आवाज आला होता जुन्या जात्याखालच्या खड्ड्यातून!

पिठाच्या गिरणीतल्या उंदरांची रोज सकाळी हजेरी व्हायची. खड्ड्यात काळमुख, म्हणजे काळोखाचं एक भलंमोठं तोंड, राहत होतं ना! एकट्यादुकट्याला गिळायचं, म्हणून ही खबरदारी. पण पहारेकरी काका डोळे मिटून नावं पुकारायचे आणि झोपाळू शेजाऱ्यांच्या वतीनं कुणीही खुशाल ‘हजर’ ठोकून द्यायचं. असली ही मोठ्यांची खबरदारी!

“काका, चिमट्या बिळात नाहीये! तो खड्ड्यातून बोलला!”

“बोलला ना? मग झालं तर! सुट्टी लागली की तुम्हा पोरांच्या डोक्यात किडे वळवळतात.”

नकटी रडतच ढोल्याकडे धावली. ढोल्या म्हणजे तिच्या वर्गातला बेडूक. पोट नगाऱ्याएवढं, हिंमत शेंगदाण्याएवढी. पण मैत्रीला पक्का! दोघांनी एकेक बीळ पालथं घातलं. शेजारच्या आत्याबाईंचा पत्ता नव्हता, त्यांच्या दाण्यांना बुरशी आली होती. शिंपीदादाही गायब, त्याच्या सुईवर पिठाचा थर बसला होता.

“पण आत्ता हजेरीला दोघंही हजर म्हणाले की गं!” ढोल्याचा आवाज चिरकला.

दोघं खड्ड्याच्या काठावर पालथी झोपली. आत नुसता काळोख.

“चिमट्या, माझी गोधडी कुणी ओढली रे?” नकटीनं विचारलं.

“हजर!”

“आत्याबाई, जेवलात का?”

“हजर!”

दर वेळी काळोख मधोमध फाटत होता आणि आत तीन शेपट्या हलताना दिसत होत्या. जिवंत होते तिघं!

“गिळलेल्याचं नाव घेतलं की त्याच्या आवाजात ‘हजर’ म्हणायला काळमुखाला तोंड उघडावंच लागतं,” नकटी कुजबुजली. “ढोल्या, तू हजेरी घे. मी आत जाते.”

“वेडी झालीस का? तोंड मिटलं तर?”

“तर मीही संपले! पण चिमट्याला तिथं सोडून मी जगू कशी? सांग ना!”

ढोल्यानं पोत्याची सुतळी तिच्या कमरेला बांधली, दुसरं टोक स्वतःच्या पोटाला गुंडाळलं आणि काकांसारखा घसा खाकरला.

“चिमट्याss! आत्याबाईss! शिंपीदादाss!”

“हजर! हजर! हजर!”

नकटीनं उडी घेतली. आत थंडगार, चिकट काळोख होता. तिनं आत्याबाईंना बाहेर ढकललं, शिंपीदादाला ढकललं. चिमट्या मात्र पार खोल रुतला होता. तिनं दातांनी त्याची शेपटी धरली आणि नेमकं तेव्हाच वर शटर खडखडलं. गिरणीवाला आला! त्यानं बटण दाबलं. धडधड धडधड! ढोल्याचा आवाज त्यात बुडून गेला आणि काळमुखाचे ओठ मिटू लागले.

“कोण रे अवेळी हजेरी घेतंय?” पहारेकरी काका तणतणत आले, मागोमाग सगळी बिळं. खड्ड्याकाठी आत्याबाई धापा टाकत पडल्या होत्या. काकांचं तोंडच उघडं राहिलं.

“बघताय काय! चिमट्याचं नाव घ्या!” ढोल्या जिवाच्या आकांतानं ओरडला. “सगळे मिळून! ती मरतेय आत!”

“चिमट्याsss!” काकांनी बेंबीच्या देठापासून हाक मारली. मग शंभर गळ्यांतून हाक उठली. “चिमट्याsss!”

“ह...जर!”

काळोख फाटला. सगळ्यांनी सुतळी ओढली आणि बहीणभाऊ पिठात येऊन आदळले. तिघांची सुटका झाली तसा खड्ड्यातला काळोख विरत गेला. खाली साधी धुळकट फरशी उरली.

“ताई,” चिमट्या कण्हला, “मी कितीदा ओरडलो. कुणी आलंच नाही गं.”

नकटीनं त्याला घट्ट कवटाळलं आणि ती हमसून हमसून रडली. काकांनी आधी ढोल्याची पाठ थोपटली, मग नकटीच्या डोक्यावर हात ठेवला.

“शाब्बास, पोरी! तुझ्यासारखी शूर...”

“शाब्बासकी नको, काका,” नकटी म्हणाली. “त्याला सांगा, तुम्ही का नाही आलात ते.”

गिरणी धडधडत होती. काका चिमट्यासमोर खाली बसले आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले, “माझं चुकलं, बाळा.”