तांब्याचा रेडिएटर

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या गाडीत मी स्वतः बसले होते. खोटं वाटलं तर वाटू दे. मामा आजही त्या डोंगरातल्या रस्त्याचा विषय काढू देत नाही.

रविवार होता. आणि रात्र नव्हती... लख्ख दुपार होती.

पण आधी रेडिएटरचं सांगते.

मामाची गाडी माझ्याहून वयाने मोठी. हाताने गिअर टाकायची. मामी तिला ‘सवत’ म्हणते, कारण सुट्टीचा अख्खा दिवस मामा तिच्यापाशीच असतो. तिचा रेडिएटर फुटला. मेकॅनिकने नवा दाखवला, ॲल्युमिनियमचा.

“हा ऑटोमॅटिक गाडीचा आहे,” तो म्हणाला. “गिअरच्या तेलासाठी दोन जादा तोंडं आहेत. ती बुजवू. बाकी तंतोतंत बसेल.”

मामाने नाक मुरडलं. “बुजवाबुजवी नको. मला पहिल्यासारखा तांब्याचाच हवा.”

भंगारवाल्याकडे तसा एक मिळाला. जाळीचं एक पातंही वाकलेलं नव्हतं. मेकॅनिकने हवा भरून तो पाण्यात बुडवला. एक बुडबुडा आला नाही. मामा खूश.

गाडीत बसवला, आणि पाणी कमी व्हायला लागलं.

खाली जमीन कोरडी.

पाइप कोरडे. तेलात पाणी नाही, धुरात वाफ नाही. मेकॅनिकने झाकण बदललं, डोकं खाजवलं. “मग पाणी जातंय तरी कुठे?”

त्या रविवारी आम्ही मामीला माहेराहून घेऊन येत होतो. तिला आठवा महिना होता. ती मागे बसलेली, मी पुढे.

चढावर तापमानाचा काटा एकदम लाल खुणेला टेकला. मामाने गाडी कडेला घेऊन बंद केली.

तापलेलं इंजिन बंद केल्यावर टिक टिक वाजतं ना...

ते वाजलं नाही.

वाराही पडला होता. मी मामाच्या मागोमाग उतरले. त्याने बॉनेट उघडलं, फडकं घेऊन जपून झाकणाला हात लावला... आणि माझ्याकडे बघितलं.

“गार आहे गं. बर्फासारखं.”

त्याने झाकण काढून अख्खा कॅन आत ओतला. पाणी वर आलंच नाही. खाली थेंबसुद्धा पडला नाही.

मग आतून आवाज आला...

घट... घट... घट...

थांबला. कुणीतरी दम खावा तसा.

पुन्हा... घट... घट...

आणि मग...

“अजून.”

माणसाचा आवाज. घसा पार सुकलेला.

मामाच्या हातातला कॅन पडला.

“उतर! आधी गाडीतून उतर!” मामा मामीवर ओरडला.

मामी उतरली. पण पळाली नाही. पोटावर हात ठेवून सावकाश पुढे आली.

“अहो, ओरडताय काय? पाणीच मागतोय ना तो!”

तिने स्वतःची बाटली हळूहळू आत रिकामी केली. पाणी वर आलं... तोंडाशी येऊन थांबलं.

आत सगळं शांत.

गाडी सुरू झाली. घरापर्यंत काटा हलला नाही.

मेकॅनिकने रेडिएटर काढून उलटा केला. एक थेंब पडला नाही. मामाने मुकाट्याने नवा बसवून घेतला आणि भंगारवाल्याला गाठलं.

“ज्या गाडीचा तो रेडिएटर, ती दरीत सापडली होती, बऱ्याच दिवसांनी,” तो म्हणाला. “चालवणाऱ्याला साधं खरचटलंही नव्हतं म्हणे. फक्त... दारं उघडत नव्हती.”

मामीने तो रेडिएटर परत करू दिला नाही. मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवला. रोज संध्याकाळी त्याच्यापाशी पाण्याचं भांडं ठेवायची. सकाळी ते रिकामं असायचं. मांजर पीत असेल, असं मामा म्हणायचा... पण अंगणात पाऊल टाकायचा नाही.

आता त्यांचं बाळ रांगायला लागलंय. परवा मी तिकडे राहायला गेले होते. सकाळी अंगणात डोकावले.

भांडं काठोकाठ भरलेलं.

“हल्ली रोज असंच असतं,” मामी म्हणाली. “तहान भागली असेल बिचाऱ्याची.”

असेलही.

पण भांडं रिकामं असायचं ना, तेव्हा मला बरं वाटायचं.

निदान तो कुठे आहे, ते तरी कळायचं...