चमकणारी कालवं

सन २०५८. जानेवारी महिन्यात सोनखडपच्या खाडीतली कालवं (खडकांना चिकटून वाढणारे खाण्याचे शिंपले) दिवेलागणीला हिरवट चमकू लागली. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज पाण्यात उतरलीय, असा संदेश फोनाफोनी फिरला आणि बाजारात कालवांना कुणी हात लावेना.

बारा वर्षांच्या हर्षालीची आत्या, डॉ. रेवती डोर्लेकर, खाडीकाठच्या प्रयोगशाळेत संशोधक होती. तिच्या यंत्रमाशाने (पोहत पोहत नमुने गोळा करणाऱ्या रोबोने) आणलेल्या शिंपल्यांवर चमकणारे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) सापडले होते. विजेचा काही संबंध नव्हता.

"मग हे कुणालाच कसं माहीत नाही?" हर्षालीने विचारलं.

"शोधनिबंध (संशोधनाचा सविस्तर लेख) छापून आलाय. चाळीस पानांचा, इंग्रजीत. दुसऱ्या शास्त्रज्ञांना प्रत्येक पायरी तपासता यावी म्हणून तो तसाच लिहावा लागतो."

"आणि कालवं काढणाऱ्या बायकांनी काय वाचायचं?"

हर्षालीने संगणक पुढ्यात ओढला. "आपण ब्लॉग (इंटरनेटवरची सर्वांसाठी खुली वही) लिहू. मला कळेपर्यंत मी विचारत राहीन."

प्रश्न काय होता, तो कसा तपासला, काय आढळलं, सगळं सोप्या मराठीत उतरलं. खाली मूळ निबंधाचा दुवा दिला. शेवटी हर्षालीने ठसक्यात लिहिलं, 'कालवं बिनधास्त खा.'

आत्याने ते वाक्य खोडलं. "काही प्लवकांचं विष कालवांत साठतं. त्याची तपासणी आपण तीनच खडकांवर केलीय, तिथे ते सापडलं नाही. तेवढंच लिही. बाकीचं ठाऊक नाही, हेही लिही."

"ठाऊक नाही म्हटलं तर लोक विश्वास ठेवतील?"

"खोटी खात्री दिली आणि उद्या कुणी आजारी पडलं, तर कधीच ठेवणार नाहीत."

तिसऱ्या दिवशी लेखाखाली पलीकडच्या तीरावरच्या गुणाबाईंनी लिहिलं, 'आमच्या झऱ्याखालची कालवं चमकत नाय. असं का?'

आत्या खुर्चीतून उठलीच. यंत्रमासा तिकडे कधी गेलाच नव्हता. गुणाबाईंच्या होडीतून दोघी झऱ्यापाशी पोहोचल्या. गोड्या पाण्यामुळे तिथली क्षारता (खारटपणा) इतकी कमी होती की ते प्लवक जगतच नव्हते. येताना आत्याने आणखी अकरा खडकांवरचे नमुने घेतले.

आठवड्याने निकाल आला. नऊ खडक निर्धोक होते. दोन खडकांवरच्या कालवांत मात्र विष निघालं. हर्षालीला आपलं खोडलेलं वाक्य आठवलं. तिने तारीख घालून लेखात भर टाकली आणि खडकांचा नकाशा जोडला.

बाजार पुन्हा भरला. गिऱ्हाईक आता "कुठल्या खडकावरची?" असं विचारून कालवं घेऊ लागलं. आत्याच्या नव्या निबंधात सहलेखक म्हणून गुणाबाईंचं नाव आलं. ब्लॉगवर त्याचं मराठी स्वतः वाचून त्या म्हणाल्या, "पावसात सगळी खाडीच गोडी होते. तेव्हा हे जीव जातात खंय (कुठे)?"

"अजून कुणालाच माहीत नाही," आत्या म्हणाली.

हर्षालीने ब्लॉगचं नवं पान उघडलं आणि गुणाबाईंचा प्रश्न जसाच्या तसा मथळ्यात लिहिला.