चार मिनिटं अकरा सेकंद

"अहो, बाजूला व्हा ना! प्लीज... तुमच्या चपला येताहेत!"

मी दचकून खाली पाहिलं. बागेतल्या खडीच्या वाटेवर एक तिपाई, तिच्यावर कॅमेरा, आणि मागे गुडघे टेकून बसलेला एक माणूस. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे होतं. जमिनीवर खडी. नुसती खडी.

अर्ध्या तासापूर्वी मेंदूच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, की आईच्या डाव्या हातातली ताकद आता परत येणार नाही, आणि उजवा हात फार तर तीन महिने चालेल. मी रडायला एखादा रिकामा बाक शोधत होते. आणि हा बुवा मला चपला बाजूला घ्यायला सांगत होता!

"खडीचं शूटिंग?" मी म्हटलं. "का, पळून जाणार आहे का ती?"

"ती नाही पळणार. पण कॅमेरा मध्येच थांबतो का, ते बघायचंय..." त्याने मान वर केली. "तुम्ही... रडताय का?"

"नाही. खडी गेली डोळ्यात."

तो हसला नाही. खिशातून त्याने एक मऊ फडकं काढून पुढे केलं. "धुतलेलं आहे. लेन्स पुसायचं."

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. असली फडकी दिवसातून शंभरदा माझ्या हातात असतात. पण डोळे पुसायला कुणी दिलं नव्हतं, आणि त्यामुळे मला आणखीच रडू आलं.

तो कॅमेरे दुरुस्त करायचा. बाकावर बसून, माझ्याकडे न बघता, तो खडीबद्दल बोलत राहिला. बहुतेक मला सावरायला वेळ मिळावा म्हणून. "कंपनी कॅमेऱ्याला लगाम घालून देते. सेकंदाला इतकीच माहिती लिहायची, जास्त नाही. मग वेगाने हलणारं सगळं चित्रात पुसट होतं. काही हौशी लोकांनी आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, बदलून तो लगाम काढलाय. आता हा लिहिण्याचा वेग, म्हणजे बिटरेट, हवा तेवढा वाढवा. पण फार वाढवला, की कार्डाला तेवढं भराभर लिहिणं झेपत नाही. रेकॉर्डिंग थांबतं. गुपचूप."

"मग वाढवायचा किती?"

"तेच शोधतोय. चित्रात जितकं बारीक काही, तितका ताण जास्त. जे सेटिंग खडीला पुरलं, ते कशालाही पुरेल."

हे वाक्य त्याने फार आत्मविश्वासाने म्हटलं होतं. मला अजून आठवतं.

"बोटं दिसतील त्यात?" मी विचारलं. "भराभर हलणारी?"

मी त्याला फोनवर आईचा व्हिडिओ दाखवला. माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेत तिला कुणी घातलं नाही, त्यामुळे लिहिता-वाचताही येत नाही. आयुष्यभर तिने एका कपड्यांच्या दुकानात काठ शिवले. तिची बोटांची भाषा तिने स्वतः, घरातल्या घरात बनवली. जगात ती फक्त दोघींना येते, तिला आणि मला. आणि आई बोलते भरभर, ऐकणाऱ्याची दमछाक होईल अशी. फोनमध्ये तिच्या बोटांच्या जागी नुसता धुरकट पट्टा दिसायचा.

त्याने व्हिडिओ तीनदा पाहिला. मग हळूच विचारलं, "उजवा हात... किती दिवस?"

"तीन महिने. फार तर."

"मग रविवारी माझ्या दुकानाच्या गच्चीवर या. नुसत्या खडीने भागणार नाही, हलणारं काहीतरी हवं."

मी मनात त्याचं नाव खडीवाला ठेवलं, आणि रविवारी गेले.

गच्चीसमोरच्या भिंतीवर एक वेल पसरला होता. वाऱ्यात त्याची हजारो पानं एकदम हलायची, आणि आम्ही ती शूट करायचो. बिटरेट दोन घरं वर, पुन्हा शूट. कॅमेरा थांबला, की एक घर खाली. तो प्रत्येक आकडा वहीत लिहायचा, परीक्षेला बसल्यासारखा.

"आज काय?"

"चौपन्न."

"बापरे! स्वप्नात येत असतील आकडे."

"स्वप्नात दुसरं कुणीतरी येतं," तो वहीत बघत म्हणाला. कान लालेलाल.

"अच्छा? आणि तिचा बिटरेट किती?"

"मोजता येत नाही ना... दर वेळी माझंच रेकॉर्डिंग थांबतं."

मी खूप हसले. आणि हसताना एकदम आई आठवली, सकाळी एका हाताने गाऊनचं बटण लावायला झगडणारी. माझं हसणं तिथल्या तिथे आटलं. त्याने फक्त तिपाई उचलून माझ्या बाजूला, सावलीत आणून ठेवली.

कधी तो मला कॅमेऱ्यासमोर बसवायचा आणि आईसारखं भरभर बोलायला सांगायचा. मग स्क्रीनवर एकेक चित्र थांबवून माझी बोटं बघायचा. कितीतरी वेळ. इतक्या निगुतीने माझ्या हातांकडे कुणीच पाहिलं नव्हतं. मला ते आवडायला लागलं होतं. तो आवडायला लागला होता! आईचे हात जात असताना मला प्रेम सुचतंय, याची मला लाज वाटायची, आणि तरी रविवारची वाट बघणं काही थांबायचं नाही.

आईच्या नजरेतून काय सुटणार? "रविवारी तू केस दोनदा विंचरतेस," तिने एका हाताने म्हटलं. "कॅमेरा केस बघतो का बोटं?"

सातव्या रविवारी त्याने वहीत बेचाळीसखाली दोन रेघा ओढल्या. "हे पक्कं. वारा सुटो, काही होवो, थांबणार नाही."

मी स्क्रीनवर बघितलं. अगदी भरभर बोलताना माझ्या नखांच्या कडा किंचित पुसट होत्या. "थोडं अजून वाढव ना."

"अठ्ठेचाळीसला कधी चालतं, कधी थांबतं. पक्कं ते पक्कं."

"तुला काय, आई माझी आहे," मी म्हटलं आणि गाल फुगवून जिना उतरले. उगाचच.

पुढच्या शनिवारी दुपारी तो आमच्या घरी आला. आईने ठरवलं होतं, की जी गोष्ट तिने मला कधीच सांगितली नाही, ती आज सांगणार. एकदाच. दुसऱ्यांदा सांगण्याइतकी ताकद हातात नव्हती. त्याने कॅमेरा लावला, तशी आईने मला खिडकीचा पडदा ओढायला सांगितला. आमच्या घरात कुजबुजणं म्हणजे पडदा ओढणं. समोरच्या इमारतीतल्या कुणाला तिची भाषा कळत नाही हे माहीत असूनही, मनातलं काही बोलायचं तर ती पडदा लावूनच बोलायची. खोलीत अंधार झाला. त्याने कॅमेऱ्यात काहीतरी वाढवून चित्र उजळ केलं आणि अंगठा वर केला.

डावा हात मांडीवर मेल्यासारखा ठेवून आई उजव्याने बोलू लागली.

मी जन्मले तेव्हा घरचे म्हणाले, हिला बाळाचं रडणं ऐकू येणार नाही, बाळ आत्याकडे द्या. वडीलही तेच म्हणाले. आईने शिवणाच्या डब्यातली जाड दोरी घेतली. एक टोक माझ्या पायाला, एक स्वतःच्या मनगटाला. मी रात्री पाय झाडला, की तिला जाग यायची. असं सात महिने. वडील कंटाळून निघून गेले, दोरी राहिली. आईच्या मनगटावर कायमचा वळ होता, तो काय आहे हे मला आज कळत होतं. मग एका रात्री ती दोरी तुटली...

इथे माझे डोळे असे भरून आले, की मला आईचा हात दिसेना. पुसले, पुन्हा भरले. मी मनाशी म्हटलं, असू दे, कॅमेरा बघतोय. आणि तोंड ओढणीत खुपसून रडले. वर पाहिलं तेव्हा आईचा हात मांडीवर पडला होता आणि ती थकून डोळे मिटत होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात त्याने कार्ड लावलं. रेकॉर्डिंग चार मिनिटं अकरा सेकंदांचं होतं. गोष्ट दहा मिनिटांची होती.

"बेचाळीसला थांबणार नाही म्हणाला होतास."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बेचाळीस नव्हतं. मी... अठ्ठेचाळीस ठेवलं. तुला नखं स्पष्ट हवी होती ना. मला वाटलं, तू बघशील तेव्हा खूश होशील."

"आणि?"

"आणि आपण सगळं उन्हात तपासलं. अंधारात चित्रात बारीक दाणे येतात. कॅमेऱ्याला तेही खरेच वाटतात. एकेक दाणा लिहायला बसतो तो. खडीपेक्षा बारीक, पानांपेक्षा बारीक... हे मला माहीत असायला हवं होतं. माझं कामच आहे हे."

"रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला, तेव्हा तू काय करत होतास?"

त्याने कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"कॅमेरेच दुरुस्त कर तू," मी म्हटलं. "माणसांच्या वाटेला जाऊ नकोस."

घरी येऊन मी आईला विचारलं, दोरी तुटल्यावर काय झालं? तिने हात उचलायचा प्रयत्न केला. बोटं थरथरली, वर आली नाहीत. तिने हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिने दोन महिन्यांतच संपले होते. आठवड्याभरात श्वासही अडकू लागला, आणि आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. आता आई फक्त पापण्या मिटून हो म्हणू शकायची. तिथून ती घरी आली नाही.

बाराव्या दिवशी तो वॉर्डाच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली, हात रिकामे.

"कॅमेरा नाही आणला?" मी विचारलं. मला कडूच बोलायचं होतं.

"नाही." तो आत आला. "तू विचारलंस ना, दिवा विझला तेव्हा काय करत होतो... मी त्यांचा हात बघत होतो. शेवटपर्यंत. इतके आठवडे बोटंच बघत होतो ना... नजर निघालीच नाही. अर्थ काहीच कळला नाही. पण दिसलं सगळं." तो पलंगाजवळ आला. "विसरू नये म्हणून रोज दुकानात आरशासमोर करतोय. वेडंवाकडं आहे. दाखवू का?"

मी फक्त खुर्ची सरकवली, आईला दिसेल अशी.

तो बसला. डावा हात त्याने मांडीवर ठेवला, निर्जीव, आईने ठेवला होता तसाच. उजवा उचलला. मनगटाला बोट लावलं, चिमूट फाकवली. दोरी तुटली. तळवा गालाखाली. मी झोपले होते. मग हात छातीवर, दोनदा. तरी मला जाग आली. हात खाली, पाळण्याच्या उंचीला. तू रडत होतीस. मनगटावरून काहीतरी ओरबाडून त्याने दूर फेकलं. त्यानंतर कधी बांधली नाही. लागलीच नाही.

त्याच्या जाड, स्क्रू पिळणाऱ्या बोटांतून माझी आई बोलत होती. अडखळत, पण तीच. मी आईकडे पाहिलं. तिने पापण्या मिटल्या. हो.

"अजून थोडं आहे," तो म्हणाला. "इथे त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं, कॅमेरा बंद कर म्हणतायत." त्याने स्वतःकडे बोट केलं. मग कॅमेरा असता तिकडे बोट करून मान हलवली, नाही. मग डोळ्यांपाशी दोन बोटं नेऊन ती मनगटावर टेकवली. शेवटी हवेत काहीतरी चिमटीत धरून अंगठा बोटांवर घासला, आणि मुठीत घेतलं.

मला हसू फुटलं. हॉस्पिटलच्या त्या खोलीत, नळ्यांच्या आणि यंत्रांच्या मध्ये, मी मोठ्याने हसले आणि त्याच वेळी रडले. दारातून नर्सने डोकावून पाहिलं.

"चुकलं का काही?" तो घाबरून म्हणाला.

"नाही."

"मग? ते शेवटचं... माझ्याबद्दल होतं ना?"

"आई म्हणाली, हा यंत्राकडे बघत नाहीये. माझ्या हाताकडे बघतोय." मी ओढणीने डोळे पुसले. "आणि ते शेवटचं... ती दुकानात कापड पारखायची ना, तसं. आमच्या घरात त्याचा अर्थ एकच. टिकेल. घे."

तो खाली बघत बसला. कान लाल, डोळ्यांत पाणी. मग म्हणाला, "त्यांचं कळलं. तुझं काय म्हणणं आहे?"

आई आमच्याकडे बघत होती. मी पुढे होऊन त्याच्या शर्टाच्या बाहीचा काठ चिमटीत धरला, अंगठ्याने एकदा घासून पाहिला, आणि तो तिला दिसेल असा मुठीत धरून ठेवला.